डाव्या अंगाची मोटार

त्या सोमवारी सकाळपासून आभाळ निवळलेलं होतं, ऊन अजून अंगाला चावत नव्हतं, वारा बाभळीच्या शेंगा वाजवण्यापुरताच होता, आणि करंजवाडीच्या जनावरांच्या बाजारात दोन उंची मोटारी स्वतःला विकायला आल्या होत्या.

दोघींनी फाटकावर इतरांसारखीच पावती फाडली. पावतीवाले शेडबाळे यांनी जरासा विचार करून त्यांना मोठ्या जनावरांच्या रांगेत धाडलं, कारण शेळ्यामेंढ्यांच्या दावणीला त्या मावल्या नसत्या. दोघींच्या नाकांवर चकचकीत परदेशी अक्षरं होती. पण बाजारात जनावराला कंपनी नसते, रंग असतो. म्हणून एक काळी झाली आणि दुसरी, मोत्यासारखी पांढरी, ती मोतिया झाली. काळीच्या एका बाजूला मुऱ्हा म्हैस होती आणि मोतियाच्या बाजूला एक मारकी गाय. गायीनं मोतियाला एकदा हुंगलं आणि रवंथ पुढे चालू ठेवला.

धुळाप्पा बंडगर तिथं मोटार घ्यायला आला नव्हता. तो डाव्या अंगाचा बैल घ्यायला आला होता.

बैलाचं असं असतं की, एकदा उजव्या अंगाला जुंपला की तो जन्मभर उजवा, आणि डाव्याला जुंपला की डावा. धुळाप्पाचा कोशा उजवा. त्याचा जोडीदार पाखऱ्या डावा. संक्रांतीच्या सुमाराला पाखऱ्या मेला. तेव्हापासून कोशा गोठ्यात उजवीकडेच उभा राहायचा आणि डावीकडची जागा सोडायचा. वैरण टाकली की अर्धी तोंडानं डावीकडे सारायचा, आणि उरलेली अर्धीही खायचा नाही. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

शेजारच्या बायडाक्कानं सकाळीच भिंतीवरून निकाल दिला होता. बायडाक्का धुळाप्पाहून थोरली. तिच्या घरात ती एकटी आणि एक रेडिओ. रेडिओ उलटून बोलत नाही, म्हणून ती धुळाप्पाशी भांडायची.

"धुळा, आज जोड मिळाली तर मिळाली. न्हाईतर कोशाला तिथंच इकून ये. माझ्या भिंतीआड मुकं जनावर उपाशी मरायला नको."

"व्हय, आक्का," धुळाप्पा म्हणाला होता. शब्द दिला की तो मोडायचा नाही. म्हणून वाटभर तो कोशाच्या पाठीवर हात ठेवूनच चालला.

बाजारात त्यानं बरेच डावे बैल दाखवले. कोशानं एकेकाकडे पाहिलं आणि मान फिरवली. एकाची शिंगं बाकदार होती, एकाची चाल राजासारखी होती. कोशाला काही पटलं नाही. उन्हं डोक्यावर आली. कलली की बाजार मोडणार. एक हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दोनदा येऊन कोशाच्या पाठीवर थाप मारून गेला. "द्यायचा का, बाबा?" धुळाप्पानं नुसतं "बघू" म्हटलं.

तेवढ्यात मोटारींच्या दावणीकडे गलका उठला. धुळाप्पा कोशाला घेऊन सावकाश तिकडे गेला.

काळी म्हणत होती, "सरळ हिशेब आहे. यंदा आमच्या घराण्याच्या गाड्या सर्वांत जास्त खपल्या. लोक वेडे आहेत का?"

"खप म्हणजे गुण नव्हे," मोतिया म्हणाली. आवाज मऊ होता, पण ती मागं हटत नव्हती. "भरवसा हा गुण. आमच्या घराण्यातली गाडी रस्त्यात बंद पडलेली कुणी पाहिली नाही."

"कशी पाहणार? तुमची गाडी रस्त्यावर येते कधी? दुकानाच्या काचेमागं उभी असलेली गाडी बंद पडेलच कशी?"

माणसं खदखदून हसली. मुऱ्हा म्हशीनंही शेपूट आपटलं. मोतियाचे दिवे क्षणभर मिणमिणले. मग ती म्हणाली, "तुमच्या घराण्याच्या गाड्या जास्त खपतात, कारण एक दुरुस्तीला गेली की मालकाला दुसरी घ्यावी लागते."

आता तर टोप्या उडाल्या. एका शेळीवाल्यानं हात वर केला. "अवो, खपाचंच म्हणाल तर ह्या बाजारात शेळीच लई खपती. म्हून काय नांगराला शेळी जुपायची?"

"हा तौलनिक मुद्दा झाला," काळी म्हणाली. "पण शेळीत चामड्याच्या खुर्च्या नसतात."

"चामडं असतंय की," शेळीवाला म्हणाला.

वाद हातघाईवर येणार, असं पाहून शेडबाळे पुढे आले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग मोतियाचं बॉनेट उघडून दात पाहिले. "जुळलेली दिसते," ते म्हणाले. दात जुळले म्हणजे जनावर वयात आलं. मग त्यांनी दोघींच्या डाव्या आरशांना पिवळे बिल्ले टोचले. काळी कळवळली. मोतियानं आरसा आपणहून पुढे केला.

"आता नियमाप्रमाणे," शेडबाळे म्हणाले, "विकणाऱ्यानं जनावराची खोड चारचौघांत मोठ्यानं सांगायची. खोड लपवून विकलं तर सौदा मोडतो. विकणारं कोण?"

"आम्हीच," दोघी म्हणाल्या.

"मग आपापली खोड सांगा."

काळी ताठ झाली. "आमच्या घराण्यात खोड नसते."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "बिनखोडीचं जनावर देवळाबाहेर दगडाचं असतंय, बाई." हेडीनं तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांच्या माना काळीकडून मोतियाकडे वळल्या.

 मोतियाच्या काचेवरून पाण्याचा एक थेंब ओघळला. ते पाणी काच धुवायचं होतं, असं ती नंतर म्हणाली.

"मला एकटीला उभं राहवत नाही," ती म्हणाली. "गॅरेजात एकटी ठेवली की माझा भोंगा आपोआप वाजतो. एका मालकानं शोरूमला परत धाडली, मग दुसऱ्यानं. मेकॅनिक म्हणतात दोष सापडत नाही. दोष नाहीच. मला करमत नाही."

कोशानं कान टवकारले. ते धुळाप्पाला दिसलं, कारण कासरा त्याच्या हातात होता आणि तो थोडासा ओढला गेला होता.

ही खोड लोकांना फार आवडली. "खरी हाय," "पोटातली हाय," असं जो तो म्हणू लागला. काळीनं ते पाहिलं. तिचा खप ढासळत होता.

"थांबा!" ती ओरडली. "मला उतार दिसला की हसू येतं! ब्रेक दाबला तरी हसू थांबत नाही!"

"अरारारा," लोक म्हणाले.

"पावसात माझ्या काचा आपोआप खाली येतात! लग्नाच्या वरातीत मी नवरदेवाला दाराबाहेर ठेवून एकटीच मांडवात गेले आहे! माझ्या सीटा थंडीत गार होतात आणि उन्हाळ्यात गरम! वाट विचारली की मी नेहमी मामाच्या गावाला नेते, मामा कुणाचाही असो!"

लोक आता हसून हसून एकमेकांच्या खांद्यांवर पडत होते. मारकी गाय दावणीभोवती गोल फिरली. काळी ऐन रंगात आली होती. तिचे चारी दिवे लागले होते. वायपर नाचत होते.

"आणि अशा खोडी माझ्या एकटीत नाहीत! आमच्या घराण्याच्या प्रत्येक गाडीत आहेत! जगात इतक्या खोडी इतक्या माणसांना कुणीही विकलेल्या नाहीत! खोडीतही आम्हीच पुढे!"

"नोंद घेतली," शेडबाळे गंभीरपणे म्हणाले.

गलका जरा शमल्यावर धुळाप्पानं घसा खाकरला. त्याला बोलायला वेळ लागायचा, आणि बाजाराला ते ठाऊक होतं. सगळे थांबले.

"पोरींनो," तो म्हणाला, "तुमी डाव्या का उजव्या?"

"मी दोन्हीकडे चालते," काळी लगेच म्हणाली. "माझी गती मोजायची तर—"

"दोनी अंगाला चालतो तो एकाबी अंगाला चालत न्हाई, माय." आणि त्यानं मोतियाकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही," मोतिया म्हणाली. "माझ्याशेजारी कुणी कधी चाललंच नाही. मागून येतात, नाहीतर पुढं जातात."

कोशा दोन पावलं पुढं झाला. त्यानं मोतियाच्या बॉनेटवरची धूळ एका जिभेनं खालपासून वरपर्यंत चाटली. मग तो वळला आणि तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. तिथून हलेना.

"जुपून बघा," हेडी म्हणाला. त्याच्या आवाजातली लालूच गेली होती.

बाजाराची चाचणीची बैलगाडी आणली. जू एकीकडे कोशाच्या खांद्यावर आणि दुसरीकडे मोतियाच्या बॉनेटवर ठेवलं. धुळाप्पा गाडीवर चढला, जिभेनं टकटक केलं. मोतिया एकदम पुढं उसळली. जू तिरपं झालं, कोशा जागीच उभा.  मोतिया लाजून सावकाश मागं आली आणि कोशाच्या खांद्याशी खांदा लावून थांबली.

"मागं सरता येतं तुला?" धुळाप्पानं विचारलं.

"येतं, आजोबा."

"पाखऱ्याला ते कदी जमलं न्हाई," धुळाप्पा म्हणाला. त्यानं पुन्हा टकटक केलं, आणि या खेपेला दोघं एका पावलानं निघाली. खरं तर ते पाऊल कोशाचंच होतं. मोतियाचं इंजिन पोळ्याच्या दिवशीच्या म्हाताऱ्या बैलासारखं संथ घुमत होतं. वळणावर कोशा आत वळला, तशी ती बाहेरून फिरली. कुणी शिकवलं नव्हतं.

सौदा राहिला होता. करंजवाडीत भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. धुळाप्पानं खांद्यावरचं उपरणं मोतियाच्या काचेवर पसरलं आणि खाली हात घालून वायपर धरला. थोडा वेळ उपरणं हललं. एकदा धुळाप्पानं मान नकारार्थी हलवली, एकदा मोतियाचा दिवा लुकलुकला. मग दोघं थांबली.

"हा व्यवहार पारदर्शक नाही," काळी म्हणाली.

"नसतोच," शेडबाळे म्हणाले. "आता चावी द्या."

तेव्हा अडचण आली. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणारा आपल्याजवळ ठेवतो. ती रीत. लक्ष्मी जाऊ नये म्हणून दावं घरी परत न्यायचं असतं. धुळाप्पा ठामपणे म्हणाला, "चावी म्हंजे हिचं दावंच की. दावं जनावरामागं जात न्हाई."

"मग चावी विकणाऱ्याकडे राहणार," शेडबाळे म्हणाले.

"राहू दे."

"विकणारी तीच आहे."

"मंग तिच्याकडंच राहू दे."

शेडबाळ्यांनी आभाळाकडे बघत पुन्हा एकदा विचार केला. नियमात कुठं अडत नव्हतं. "म्हणजे ही मनात येईल तेव्हा निघून जाऊ शकते," त्यांनी एवढंच सांगितलं.

"पाखऱ्याबी जाऊ शकत हुता," धुळाप्पा म्हणाला. "गोठ्याला दार कुठं हाय माझ्या?"

 मोतियानं चावी आतल्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा बंद केल्याचा हळू आवाज आला.

काळीला कुणी घेतलं नाही. पण शेडबाळ्यांनी तिला पुढच्या सोमवारची जागा राखून दिली, म्हशीशेजारचीच. ती म्हणाली, "एका विक्रीवरून खप ठरत नसतो." म्हैस तिच्याकडे पाहत होती. काळीनं तिलाच उताराचं हसू नीट समजावून सांगायला घेतलं.

उन्हं कलता कलता धुळाप्पा घरी पोचला. वाटेत माणसं थांबून बघत होती. काहींनी विचारलं, "डावी का?" "डावी," तो म्हणाला. मग पुढं कुणी काही विचारलं नाही.

गोठ्यात मोतिया डावीकडच्या मोकळ्या जागेत मागं सरत सरत अशी बसली की, मागं हात घालायलाही फट उरली नाही. धुळाप्पानं कडबा टाकला. कोशानं अर्धा तोंडानं डावीकडे सारला, तिच्या चाकापर्यंत. मोतियानं तो हुंगल्यासारखं केलं. मग कोशानं मान खाली घातली आणि आपला अर्धा खायला लागला. कडबा कुरकुर वाजत होता. धुळाप्पा उंबऱ्यावर टेकला आणि तो आवाज ऐकत राहिला. मग कोशानं मोतियापुढचाही अर्धा संपवला. ती भोंगा न वाजवता उभी होती.

भिंतीवर बायडाक्काचं डोकं आलं. तिनं कोशाकडे पाहिलं, मोतियाकडे पाहिलं, रिकाम्या झालेल्या गव्हाणीकडे पाहिलं.

"खातोय की रं," ती म्हणाली.

"खातोय, आक्का."

"ही किती खाती?"

"थोडं पिती. लई न्हाई."

"बोलती का?"

"इचारलं तर बोलती. गरीब हाय. हिच्या संगट दुसरी हुती, काळी. ती मातर लई भांडखोर. वाक्याला वाक्य. बाजार डोक्यावर घेतला तिनं. कुनी घेतली न्हाई, पुढच्या सोमवारी परत उभी ऱ्हानार हाय."

 बायडाक्काच्या घरात रेडिओ आपला एकटाच बोलत होता. ती आत गेली, रेडिओ बंद केला, आणि पुन्हा भिंतीशी येऊन म्हणाली,

"धुळा, पुढच्या सोमवारी मला संगं घेऊन चल. आन् तिला आधी कुनी न्यायला बघितलं, तर म्हनावं, थांब. उलट बोलनारं मानूस घरात येऊन लई वर्सं झाली."