गालिच्याखालच्या पायरीची बखर

न्यायदेवता, जिचे डोळे बांधलेले परंतु कान उघडे, तिचे चरणी मस्तक ठेवून लेखणी उचलिली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, लग्नसराईचा भर. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हास आज्ञा नाही, हैबतराव नामे सरदार मंगल कार्यालयाचे गादीवर विराजमान होते. मोठे दिलदार, आणि बोलण्यास उभे राहिले म्हणजे मंडपातील पंखे दमत परंतु सरदार दमत ना. त्या राज्याची चाल ऐसी की कोणी तक्रार घेऊन आला म्हणजे त्यास स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ द्यावे, आणि शाल एकदा खांद्यावर पडली की त्याने पुन्हा तोंड उघडू नये. खड्ड्यात पडलेल्या मास्तरांचा सत्कार जाहला, पाणी न आलेल्या आळीचा सत्कार जाहला, आणि मग सर्व गप्प बसले. आम्हापाशीही एक शाल आहे, असो.

तर त्या कार्यालयात एका नवरीचा हिरवा चुडा भरण्यास शेवंताबाई कासारीण आली. तिची ख्याती ऐसी की नवरीचा हात कितीही आडमाप असो, बाई उजव्या हाताने तिचा पंजा असा दाबी आणि बांगडी अशी चढवी की नवरीस कळूही नये. ती बांगड्यांची पेटी घेऊन स्टेज चढू लागली, लाल गालिच्याखालची पायरी डुगडुगली, आणि बाई कोसळली. उजवे मनगट मोडले, परंतु डाव्या हाताने पेटी वरचेवर धरली होती, एक बांगडी तडकली नाही. काय वर्णावे, वाजंत्री सुद्धा थांबले.

मग हैबतराव इस्पितळात गेले आणि खाटेशी बसून बोलिले, "मावशी, लग्नघर म्हटलं की असं व्हायचंच. आपल्या माणसांत कोर्टबिर्ट कशाला? आम्ही तुमचा जंगी सत्कार करतो."

बाई म्हणाली, "सत्कार नगं सायेब. पायरी मोडकी हुती येवढं म्हना, अन् माज्या हाताचं काय ते बगा. ह्या हातावरच घर चालतंय माजं."

सरदार हसले आणि निमंत्रणपत्रिका छापण्यास गेले. तेव्हा बाई हात गळ्यात बांधून न्यायकचेरीच्या दाराशी बसणाऱ्या उज्ज्वलाबाई वकिलांकडे गेली आणि पुसती जाहली, "शाल घेतली तर हक्क जातो का वो?" वकीलबाई बोलिल्या, "शालीनं हक्क झाकला जात नाही, मावशी. थंडीचे दिवस आहेत, खुशाल घ्या. फक्त कुठल्या कागदावर सही करू नका, आणि त्यांना बोलू द्या."

बोलू द्या म्हणण्याची गरजच नव्हती. सत्काराचा दिवस उगवला, बाईचे नाव रणरागिणी ऐसे फलकावर झळकले, फेटे बांधले गेले, आणि कार्यालयाचा पगारी व्हिडिओवाला सर्व चित्रण करू लागला. सत्कारमूर्तीवरचे संकट जितके मोठे सांगावे तितका सत्कार मोठा, हा त्या राज्यीचा नेम. सरदार तर नेमाचे पक्के. माइक हाती आला आणि मग भान हरपून म्हणाले, "मंडळी, ही पायरी काय साधीसुधी पायरी नव्हे! दिवाळीपासून निखळलेली! गवंडी म्हणाला बदला, मी म्हटलं, बदलतोस कशाला, सीझन आहे, वरून गालिचा टाक! त्या पायरीवर नवरदेव अडखळले, आमदार अडखळले, पण पडतापडता पेटी सावरावी ती एका शेवंताबाईनंच!" टाळ्यांचा कडकडाट जाहला. आमच्याही हातून टाळी वाजली, खोटे कशास लिहावे. मग शालीसोबत एक कागद पुढे आला, की आमची काही तक्रार नाही, येथे सही करावी. बाई म्हणाली, "सहीचाच हात मोडलाय, सायेब." मॅनेजर म्हणाला, मग डाव्या हाताचा अंगठा द्या. बाई म्हणाली, "मी सही करनारी बाई हाय. अंगठा देत न्हाई." आणि शाल घेऊन घरी गेली.

मग दावा उभा राहिला. सरदारांचे वकील गर्जले की पायरी शाबूत होती, बाई नवरीकडे पाहत चालली आणि आपल्या गलथानपणे पडली. उज्ज्वलाबाईंनी कार्यालयानेच हौसेने गावभर पाठविलेले सत्काराचे चित्रण लाविले. चौकटीस गुलाबाची फुले, मागे सनई, आणि मधोमध सरदार आपल्याच मुखे पायरीची कुळकथा सांगताहेत. कचेरी हसून लोटपोट जाहली. तेव्हा ते वकील नवा डाव टाकते जाहले, की चूक असेलही, परंतु हाड आता जुळले, बाईस कोठे पगार नाही, तर नुकसान ते काय जाहले?

उज्ज्वलाबाईंनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि आपला हात पुढे करून म्हणाल्या, "मावशी, भरा." बाईने तीच पेटी उघडिली, हिरवी बांगडी काढिली, उज्ज्वलाबाईंचा पंजा दाबू गेली, आणि मनगट थरथरले, आणि बांगडी तडकून फरशीवर विखुरली. कासाराच्या तोंडून फुटली हा शब्द निघत नाही. "वाढली, सायेब," इतकेच ती बोलली, आणि मग खाली बसून डाव्या हाताने तुकडे वेचू लागली. न्यायाधीश म्हणाले, राहू द्या बाई, शिपाई काढील. ती म्हणाली, "कुनाच्या पायात जायला नगं." सरदारांकडे पाहिले तो त्यांची मान खाली.

निकाल बाईचे बाजूने जाहला, उपचाराचा खर्च आणि गेलेल्या कसबाची भरपाई सरदारांनी द्यावी ऐसा. सवयीने दोन शब्द बोलण्यास हैबतराव उठले, तो त्यांच्याच वकिलांनी कोट ओढून त्यांस खाली बसविले. मग कचेरीबाहेर, जेथे ना माइक ना मंडप, ते बाईसमोर थांबले आणि म्हणाले, "मावशी, पायरी मोडकी होती." बाई म्हणाली, "व्हय."

येणेप्रमाणे वृत्तांत घडला तो लिहिला. गालिचा निघाला, पायरी पक्की बसली. शेवंताबाई हल्ली डाव्या हाताने चुडा भरते, वेळ लागतो, नवऱ्या थांबतात. सत्काराची शाल तिने पेटीच्या तळाशी घडी करून अंथरली आहे, बांगड्यांस धक्का लागू नये म्हणून.