वाचनालयाच्या गळतीचा तपास

हंबीररावांचं वागणं राहीबाईंना मुळीच पसंत नव्हतं. सख्खे धाकटे दीर, फौजेतून पेन्शनीत आलेले. ओसरीवर बसून गुमान चहा प्यावा की नाही? तर हे भिंग घेऊन सांगलीभर रांगत फिरणार! "शत्रूची पाणबुडी मी पायाच्या ठशावरनं वळखलेली," असं भेटेल त्याला सांगणार. फौजेत ते कांद्याच्या कोठारावर होते, हे राहीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात त्यांना 'केस' मिळाली. नदीकाठच्या संस्थानी वाचनालयाची गच्ची दिवाळीत दुरुस्त झाली, तरी भर उन्हात ठिबकत होती. हंबीरराव स्वतः दुरुस्ती समितीत. सोमवारी इंजिनियर येणार. थेंब दिसला की इमारत पाडायची, असं ठरलेलं. राहीबाई पन्नाशीत आपलं नाव लिहायला शिकल्या, त्या याच इमारतीत. त्यांच्या जिवाला घोर लागला.

हंबीररावांनी थेंब जिभेवर घेतला, डोळे मिटले. "गोड हाय. साखर कारखान्याचं पाणी!" दुसऱ्या दिवशी, "कृष्णामाई भिंतीतनं वर चढतीया." तिसऱ्या दिवशी, "राजानं गच्चीत गुप्त हौद बांधलाय, वहिनी!"

"आन् त्यात तुमची पाणबुडी."

गवंडी सयाजी डांबराचा डबा घेऊन महिनाभर हेलपाटे घालत होता. "बोटभर चीर हाय, आक्का. पर गच्ची वाळल्याबिगर डांबर धरत न्हाई, आन् ही मेली वाळंना."

राहीबाई पदर खोचून जिना चढल्या. वर दुष्काळी जतकडचा, वाचनालयाचा पहारेकरी अर्जुना कळशी पालथी करत होता.

"ह्ये काय रं?"

"नव्या शिमिटाला पाणी मारतोय की. सकाळी ईस कळश्या, सांजंला ईस."

"दिवाळीपासनं? दुष्काळातला गडी तू!"

"लय जीव तुटतो, आक्का. पर हंबीररावसायबांनी बजावलंय, पुढचा हुकूम येईस्तवर थांबायचं न्हाई."

"मग पाणी तू वततोस, ह्ये त्यास्नी सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. भिंगातनं माझं पाय तेवढं बघितलं."

कळशीसकट अर्जुनाला घेऊन राहीबाई खाली आल्या. सयाजी डबा धरून दारात उभा होता आणि हंबीरराव टेबलाखाली रांगत होते. "वहिनी, हलू नका! ओल्या पायाचा ठसा घावलाय! चोर हितंच हाय!"

राहीबाईंनी त्यांच्या हातातलं भिंग काढून कमरेला खोचलं.

"चोर हितंच हाय भावजी, चार पायांवर. पुढचा हुकूम आता मी देते. अर्जुना, कळशी खाली ठेव. सयाजी, चैताचं ऊन हाय, दोन दिसांनी, सोमवारच्या आत डांबर वत. आन् भावजी, तुमी घरी जाऊन कांदं मोजायचं. पुढचा हुकूम येईस्तवर!"