वरचा पीळ

मशीन खडखडायला लागलं तशी बाईंनी शिवण थांबवली. संध्याकाळी वसाहतीतल्या हौशी मंडळींचं नाटक होतं, आणि नाटकाचा पडदा अजून अर्धा सुईखाली आणि अर्धा जमिनीवर लोळत होता. "शिंप्याला कशाला सांगता, मी आहे ना!" असं चारचौघांत सांगून त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. आता पडदा झाला नसता तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

खिडकीपाशी पेपर वाचणारे त्यांचे यजमान या आवाजाची वाटच बघत होते. कारखान्यातून निवृत्त झाले तरी त्यांना सगळे फोरमनसाहेबच म्हणत. "मोटरचा बोल्ट ढिला झालाय," ते म्हणाले, आणि पान्यांची पेटी घेऊन आलेसुद्धा.

फोरमनसाहेबांची ख्याती होती ती वरच्या पिळाबद्दल. बोल्ट पुरेसा घट्ट झाला की चारजण थांबतात. फोरमनसाहेब तिथे श्वास रोखत आणि आणखी एक पीळ देत. घरातले नळ, बरण्यांची झाकणं, कुकरचं हँडल, सगळ्यांना हाच न्याय. "आमच्या घरात आजवर एका बोल्टचे आटे गेले नाहीत," असं ते पाहुण्यांना ऐकवत. ते खरंही होतं. ते खरं का होतं, हे मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"हात लावा," बाई म्हणाल्या, "पण आत्ताच सांगून ठेवते. आज हे बिघडलं ना, तर ती पेटी माळ्यावर जाईल. कायमची."

"बिघडतंय कशाला? गेल्या वर्षी मीच तर जाड वॉशर घालून पक्कं केलं होतं."

त्यांनी पाना लावला. दोन फेऱ्यांत मोटर हलायची थांबली.

"झालं ना? व्हा बाजूला."

"थांब गं, वरचा पीळ राहिला."

त्यांनी श्वास रोखला. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकदम हलका. असा हलकेपणा डोक्याला कळायच्या आधी हाताला कळतो. फोरमनसाहेबांनी चेहरा शक्य तितका साधा ठेवून बोल्ट उलटा फिरवला. तो बाहेर आला तो अंगाभोवती चंदेरी कीस गुंडाळूनच.

"काय झालं?"

"काही नाही. तू जरा चहा टाकतेस का?"

बाई आत गेल्या तशी फोरमनसाहेबांनी दबक्या आवाजात मुलीला हाक मारली. मुलगी एका कंपनीत यंत्रांची डिझाइनं करायची आणि सुट्टीला घरी आली होती. तिने भोकात टॉर्च मारला.

"बाबा, बोल्ट पोलादाचा आणि मशीनचं अंग ॲल्युमिनियमचं. कुस्ती लावलीत तर हरणार कोण?"

"ते मला शिकवू नकोस."

"मऊ धातूत बोल्ट चांगला खोल गेला पाहिजे. त्याच्या जाडीच्या दुप्पट तरी. म्हणजे ताण बऱ्याच आट्यांवर वाटला जातो. हा बिचारा दोन-तीन आट्यांना धरून लोंबकळत होता. मध्ये एवढे जाड वॉशर कुणी घातले?"

फोरमनसाहेब छताकडे बघू लागले.

"आता काय करायचं ते बोल. आई येईल."

"वरचे आटे गेलेत, पण खालचे कोरे आहेत. तिथवर बोल्ट कधी पोचलाच नव्हता. वॉशर काढले तरी हा आखूडच पडेल; याच जाडीचा, पण लांब बोल्ट मिळाला तर काम होईल."

पेटीत तसा बोल्ट नव्हता. फोरमनसाहेबांची नजर घरभर फिरली आणि ॲल्युमिनियमच्या पायांच्या जेवणाच्या खुर्चीवर येऊन थांबली. खुर्चीला पाय चार असतात. एकाचा बोल्ट गेला तरी तीन उरतात, असा हिशेब करून त्यांनी तो काढला आणि खुर्ची होती तशी उभी करून ठेवली.

नव्या बोल्टने खाली मस्त पकड घेतली, पण आता तो पडला जास्तच लांब. टोक भोकाच्या तळाला टेकलं, डोकं वरच राहिलं आणि मोटर डुगडुगतच राहिली. फोरमनसाहेबांनी श्वास रोखायला सुरुवात केली.

"बाबा! हात काढा!" मुलगी ओरडली. "ते वॉशर कुठायत? आता घाला ते."

तेवढ्यात नाटकाचे दिग्दर्शक दारात उभे. "वहिनी, पडदा?"

"झालाच. बसा ना," बाई चहा घेऊन येत म्हणाल्या.

दिग्दर्शक बसले. खुर्चीने क्षणभर विचार केला आणि मग ती एका अंगाला कलली. दिग्दर्शक घरंगळत जाऊन पडद्याच्या ढिगाऱ्यात नाहीसे झाले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "कापड मात्र छान आहे."

बाईंनी खुर्चीच्या पायाकडे पाहिलं, मग मशीनमधल्या बोल्टकडे, मग नवऱ्याकडे. शेवटी त्यांची नजर माळ्यावर गेली.

फोरमनसाहेबांनी गुपचूप वॉशर घालून बोल्ट पिळला. डोकं नीट बसलं, मोटर स्थिर झाली. हाताला वरच्या पिळाची भयंकर खाज सुटली होती. पण त्यांनी माळा आठवला आणि पाना खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवला. त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. दिग्दर्शकांना हात देऊन उठवून ते हात धुवायला गेले.

साबण लावतात न लावतात तोच बाहेरून आवाज आला, खडखडखडखड!

ओल्या हातांनीच ते धावत आले. "असं कसं? मी नीट बसवला होता!"

"बसवला असेल," बाई जरा ओशाळून म्हणाल्या. "तुमची पाठ वळल्यावर मी सैल केला थोडासा. सवयीने."

"सवयीने?"

"तुम्ही काहीही पिळलंत की मी मागून पाव फेरा सैल करते. नळ, बरण्या, कुकर, सगळं. लग्न झाल्यापासून. नाहीतर या घरात एक आटा तरी शाबूत राहिला असता का?"

फोरमनसाहेब मटकन खाली बसले. नशिबाने स्टुलावर बसले. मुलगी तोंडात पदराचा बोळा कोंबल्यासारखी हसू दाबत उभी होती. शेवटी त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी पाना बायकोपुढे धरला. "घे बाई, तूच आवळ." बाईंनी बोल्ट बेताने आवळला आणि मशीन सुरळीत चालू लागलं. थोड्याच वेळात पडदा शिवून झाला आणि दिग्दर्शक तो खांद्यावर टाकून वेळेत बाहेर पडले.

बाई आत केस विंचरायला गेल्या. पेटी माळ्यावर टाकायचा विषय कुणी काढला नव्हता. खूश होऊन फोरमनसाहेब खुर्ची दुरुस्त करायला बसले. लांब बोल्ट मशीनमध्ये गेला होता, म्हणून त्यांनी मशीनचा जुना आखूड बोल्ट खुर्चीला लावला, पुरेसा आवळला आणि शहाण्यासारखे थांबले.

"अगं, हा सैल करू नकोस हं!"

"बरं!"

पण सवयच ती, बायको विसरली तर? त्या पाव फेऱ्याची आधीच भरपाई असावी म्हणून त्यांनी श्वास रोखला. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकदम हलका.

फोरमनसाहेबांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज न करता पेटी उचलली आणि माळ्यापर्यंत हात पोचायला कुठली खुर्ची धड उरली आहे ते शोधू लागले.