तापाचं गणित आणि घोडेगावचा बैल

गोसावी सर अंगात ताप असला तरी थर्मामीटर लावत नसत. "मोजणं हे कंपाउंडरचं काम," म्हणत, "मी गणितानं काढतो."

सर श्रीरामपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि बेलापुरात माझ्या घराला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत एकटे राहत. दोन कण एकमेकांवर आपटून कसे विखुरतात, तेवढ्यावरून अख्खं पुंजक्षेत्र, म्हणजे अशा असंख्य कणांची गर्दी, तापल्यावर कसं वागेल ते काढायचं, हा त्यांचा ध्यास. "दोघांची टक्कर सांगा कुलकर्णी, गर्दीचा ताप सांगतो!" हे मी अकरा वर्षं ऐकलं. कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू?

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. गर्दी दाखवायला त्यांनी मला घोडेगावच्या बैलबाजारात नेलं. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतात. बैल विकायला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बघताय, मास्तर?" सरांनी थेट त्याच्या उपरण्याखाली हात घातला. "हा एक कण, हा दुसरा, आणि हे आपटले!" म्हणत त्याची बोटं दाबली.

"झालं. बैल तुमचा हाय."

"अहो, मी टक्कर समजावत होतो!"

"बोटं दाबली न्हवं? मंग सौदा झाला. चार मान्सं बघत्यात."

बैल टेम्पोतून बेलापुरात आला. घरमालकानं बजावलं, महिन्याभरात बैल तरी जाईल, नाहीतर मास्तर तरी. मग दर बाजाराला बैल, सर आणि मी. शेणात पाय, डोक्यावर ऊन. गिऱ्हाईक यायचं, उपरणं टाकायचं, आणि ऐन वेळी सर हात काढून घ्यायचे. चौथ्या बाजाराला माझा संयम संपला.

"सर, उद्या खोली जाईल! हा विकायचाय की नाही?"

सर बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते. हळूच म्हणाले, "एकट्या कणाला तापमान नसतं, कुलकर्णी. आपटायला दुसरा कुणीतरी लागतो. हा रोज सकाळी मला ढुशी देतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधे फक्त एक भिंत, आणि अकरा वर्षांत मी या माणसाला एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.

टेम्पोवाल्याला म्हटलं, "बैल परत चढव. माझ्या परसात बांधायचाय." मग सरांकडे वळलो. "आणि तुम्ही आजपासून जेवायला आमच्याकडे."

 सरांनी माझी बोटं धरली आणि दाबली.