माधव डॉक्टर तेरवी चुकवत नाहीत

माधव डॉक्टर लग्नाची आमंत्रणं विसरतात, पण तेरवीचं जेवण चुकवत नाहीत. तेही स्वतः ऑपरेशन केलेल्या माणसाच्या तेरवीचं!

पंचवीस वर्षं ते सर्जन होते. एके दिवशी सुरी खाली ठेवली आणि मस्तगड भागात एका कापड दुकानाच्या माडीवर कॅन्सरवर संशोधन करणारी छोटी प्रयोगशाळा थाटली. मी तिथला कारकून. डॉक्टरांना गाडी चालवता येत नाही, म्हणून ड्रायव्हरही मीच. आठ वर्षं झाली, या माणसाचा मला थांग लागलेला नाही.

प्रयोगशाळेत तीन-चार तरुण संशोधक असतात. त्यांचा प्रयोग फसला की डॉक्टर खुलतात. "बिलकुल चूक! आता मजा येईल!" प्रयोग जमला की चेहरा पडतो. "पुन्हा करा. एकदा तर कुणाचंबी जमतं." पोरं मला विचारतात, "काका, सर खूश आहेत का चिडलेत?" मला कळलं तर सांगणार ना!

नवीन कुणी रुजू झालं की त्याला पहिल्यांदा नेतात ते तेरवीला. पंगत खोळंबलेली असते आणि डॉक्टर कोपरापर्यंत साबण चोळत असतात. जुनी सवय. दोन बायका तांब्यांनी पाणी ओतून थकतात. मग हात वर धरून, कशालाही न शिवता, ते पानावर येऊन बसतात. आजाराविषयी एक प्रश्न नाही, वहीत एक ओळ नाही. बुंदी मात्र दोनदा घेतात. आधी मला वाटलं, माहिती गोळा करतात. नंतर वाटलं, प्रायश्चित्त असेल. पण बुंदी दोनदा घेणाऱ्याचं प्रायश्चित्त कसलं, म्हणून तोही विचार सोडला.

खालचे शेठजी एकदा म्हणालेच, "डॉक्टरसाब, ऑपरेशनं बंद केली आन जेवणं चालू ठेवली का?"

"बराबर," म्हणून डॉक्टर गाडीत बसले.

यंदा वैशाली आली. कुंभार पिंपळगावची, पुण्यात शिकलेली. "बाबूराव, माझं काम ही पोरगी पुढं नेईल," डॉक्टर मला म्हणाले. तिला मात्र फक्त "पुन्हा करा" एवढंच ऐकायला मिळालं. तिसऱ्या महिन्यात तिनं राजीनामा लिहिला. त्याच दिवशी धावड्याहून गिरजाबाई या जुन्या पेशंटच्या तेरवीचा निरोप आला. "एवढं जाऊन ये, मग दे," मी म्हणालो. राजीनामा पर्समध्ये घालून ती गाडीत बसली.

डॉक्टरांचं हात धुणं संपलं, पानं वाढली, आणि वैशालीचा बांध फुटला.

"सर, ज्यांना वाचवता आलं न्हाई त्यांच्याच घरी जेवायचं? मला न्हाई जमत. मी काम सोडून राह्यले."

आग्रह करायला आलेले गिरजाबाईंचे मालक मधे बोलले.

"पोरी, आपरेशनच्या आधी ही लई भ्याल्ती. तवा डॉक्टर म्हणले, घाबरू नका, बऱ्या झाल्या की तुमच्या हातचं जेवायला येतो. तेवढ्यावर आत गेली. मंग दहा वर्षं जगली. दर दिवाळीला निरोप धाडायची."

"सगळ्यांनाच म्हणायचो," डॉक्टर पानाकडे बघत म्हणाले. "भूल द्यायच्या आधी दुसरं काही सुचायचं न्हाई. गेलो मात्र कुणाकडंच न्हाई. वेळच नव्हता."

आठ वर्षं मी या माणसाची गाडी चालवत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

वैशालीनं पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पण सर, जे बरे झाले त्यांच्याकडं का जात न्हाई?"

डॉक्टरांनी त्या दिवशी बुंदी एकदाच घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही एका बऱ्या झालेल्या बाईंच्या घरी गेलो. जुन्या कागदांतून पत्ता वैशालीनंच शोधला. राजीनाम्याचं नाव तिनं परत काढलं नाही. दाराशी पोहोचेपर्यंत डॉक्टर घामाघूम झाले. "त्यांना आठवत नसंल, बाबूराव. चला जल्दी," म्हणून माघारी वळले. वैशालीनं त्यांचं मनगट धरून ठेवलं.

आतून एक म्हातारी कपाळावर हात धरून निरखत बाहेर आली.

"आले का डॉक्टर?" ती म्हणाली. "मला वाटलं, आता मी गेल्यावरच येता."