भावकूचं विलायती मशीन

बेळगाव ते निपाणी, मधल्या एकाही गावात असलं मशीन नाही, हे कडोलीचा भावकू छाती ठोकून सांगत असे, आणि ते खरंही होतं. ते मशीन कशाचं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

गोष्ट १९३४ सालची. बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर भावकू नऊ वर्षं कोबी-बटाटे पोचवत होता. साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा जाता जाता त्यानं हे धूड भावकूच्या गाडीत चढवून दिलं. "घर में बहुत काम आयेगा," एवढंच हिंदी साहेबाला येत होतं, आणि भावकूला त्याहून कमी. बिडाच्या पायांवर उभा, परातीएवढा गोल लाकडी डबा, बाजूला दांडा, वरच्या कडेला पाच अरुंद फटी. नावाची पितळी पाटी कधीच उखडलेली. दांडा फिरवला की आतून म्हातारा पैलवान खाकरल्यासारखा आवाज येई.

त्या काळी गावात नवी वस्तू आली की ती साऱ्या गावाची होत असे. लोक बैल थांबवून विचारत, "काय आणलंस रं?"

"मशीन."

"कसलं?"

"विलायती."

एवढ्यावर दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सोयरीक जुळवणारा मष्णू आला. भावकूच्या अंबूसाठी त्यानं निपाणीचं स्थळ काढलं होतं. मुलाचे वडील मारुतीराव तंबाखूच्या वखारीत मोठे कारभारी.

"बेस्तरवारी येत्यात बघायला," मष्णू म्हणाला. "दारात विलायती मशीन हाय म्हणून सांगून आलोय मी. लई खूश झाले. कसलं, म्हणून इचारत हुते. फकस्त खोटं बोलू नगा. मागल्या खेपेला मुलीकडच्यांनी उसनी बैलं आपली म्हणून दावली, तर हातातला चहा खाली ठेवून उठलं की ते."

भावकूनं गावातल्या जाणत्या माणसांना बोलवायला सुरुवात केली. दिवस उरले चार.

लोंढ्याच्या स्टेशनात पॉइंट्समन असलेला ज्योतिबा रजेवर आला होता. त्यानं डब्याला कान लावला. "रेल्वेचं न्हाय. रेल्वेचं असतं तर तेलाचा वास आला असता." शाळेचे उपेंद्र मास्तर फूटपट्टी घेऊन आले. त्यांनी पाचही फटी मोजल्या, वहीत टिपल्या आणि दांडा फिरवला. धोतरावर मूठभर काळी पूड सांडली. मास्तर पांढरे पडले. "तोफेची दारू," ते हळूच म्हणाले. सगळ्यांना दहा हात लांब उभं करून त्यांनी पुडीला काडी लावली. पूड ढिम्म, मास्तरांचं बोट मात्र भाजलं.

"हे शस्त्र नव्हे, इतकं निश्चित," ते बोट फुंकत म्हणाले.

"मग काय हाय?"

"इतकंच निश्चित."

बायको मालुबाई चुलीपासून म्हणाली, "ठावं न्हाय म्हणून सांगा की. जीभ झिजतीया व्हय?"

"आपल्याच दारातलं मशीन ज्याला ठावं न्हाय, त्याची पोरगी कोण करून घेईल?"

गुरुवारी मष्णूबरोबर पाहुणे आले. मारुतीराव, त्यांचा मुलगा, आणि भिंतीला टेकून बसलेल्या मारुतीरावांच्या आई, अक्काताई. मारुतीराव बसले तेच घराण्याचं सांगत. आमच्यातली बाईमाणसं परक्याच्या उंबऱ्यात कामाला कधी गेली नाहीत, आजतागायत. मग त्यांनी चंची सोडली आणि मशीनकडे मान वळवली. "हेच व्हय? कसलं म्हणायचं हे?"

समोर निपाणीचा माणूस, मांडीवर तंबाखूची चंची. भावकूला दुसरं काही सुचलंच नाही.

"तंबाखूचं," तो म्हणाला. "कापायचं."

ज्याची हयात तंबाखूत गेली, त्यालाच हे सांगितलं! मारुतीरावांनी चंचीतलं एक अख्खं पान निवडून फटीत सारलं आणि दांडा फिरवला. पान निघालं ते अख्खंच, फक्त म्हशीच्या कानासारखं काळं. सवयीनं त्यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला. दाताखाली कर्रकन आवाज झाला. बाहेर जाऊन ते बराच वेळ चुळा भरत राहिले.

"भावकूराव," परत येऊन ते शांतपणे म्हणाले, "त्या उसन्या बैलांना निदान शेपट्या तरी हुत्या." आणि पटका सावरून उठले.

"मारुती, बस," अक्काताई म्हणाल्या. "तुझा चाकू दे."

म्हातारी उठली. गंजका चाकू तिनं न बघता नेमक्या फटीत घातला, पदर खोचला आणि दांडा धरला. वाकलेली कंबर ताठ झाली. पंधरा-वीस फेरे झाले आणि पातं बाहेर आलं ते आरशासारखं.

"सुऱ्या घासायचं हाय हे," ती म्हणाली. "सायेबलोक पानात सुरी घेऊन जेवत्यात न्हवं. कॅम्पातल्या बंगल्यात रोज सकाळी ही काळी पूड घालून चोवीस सुऱ्या घासत हुते मी. अकरा वर्सं. मेमसाब विलायतेला गेली आणि हातातला दांडा सुटला, तर दोन म्हैने झोप न्हवती मला. आणि तू रं मारुती, असल्याच मशीनच्या बाजूला झोळीत असायचास. दांडा थांबला की भोकाड पसरत हुतास."

सुऱ्या घासायचं मशीन, आणि साऱ्या कडोलीत पानात घ्यायची सुरी एकही नाही, हे भावकूला तेव्हा कळलं. उंबरा न ओलांडणारं घराणं तर डोळ्यांसमोरच उभं होतं, दांड्यावरून हात फिरवत.

मारुतीराव सावकाश खाली बसले. "भावकू आण्णा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ही बंगल्याची गोष्ट निपाणीपत्तर येऊ नये."

"आणि तंबाखूची गावात जाऊ नये," भावकू म्हणाला.

इतकं एकमत झालेले व्याही मष्णूनं जन्मात पाहिले नव्हते. त्यानं लगेच साखर मागवली. माघातली तिथी ठरली. व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडात साखर घातली, मष्णूनं दोघांच्याही. मारुतीरावांनी चकाकता चाकू चंचीत ठेवला आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "बरं, येतो आम्ही."

आतल्या दारात मालुबाई कधीची उभी होती.

"येतासा ते खरं," ती म्हणाली, "पण पोरगी सकाळपासनं लुगडं नेसून बसलीया. तिला बघून जातासा का, मशीनच पसंत पडलंय?"