बाबूसिंगची मिरगी

आयुष्यातल्या शेवटच्या रविवारी बाबूसिंग शिंकला आणि शेजारच्या धनसिंगने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली.

"काय करून राह्यला बे! शिंक हाये ही!"

"फिट अशीच सुरू होते. हुंग गपचूप!"

घोळ सगळा त्याच्या लेकीचा, अंजूचा. सकाळी शर्ट धुवायला घेताना तिला बापाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. तिने मोबाइलवर नाव टाकलं, तर मिरगीचं औषध! रडतच तिने आईला सांगितलं. रडणं ऐकून आलेल्या शेजारणीला चंपाबाईने तेच सांगितलं. दहाच्या आत पोहरादेवीजवळच्या त्या तांड्यात बाबूसिंग मिरगीचा पेशंट झाला.

तांड्यातली पोरं त्याच्याच ऑटोतून मानोऱ्याला शाळेत जायची. दुपारी त्यांचे आईबाप दारात येऊन उभे राहिले.

"वाटेत फिट आली तं पोरं कोणाच्या भरोशावर? चाबी दे."

"गोळी मिरगीची हाये, पण मले मिरगीसाठी नाई देली," बाबूसिंग म्हणाला. "वाशीमचा डॉक्टर म्हणे, दुसऱ्या बिमारीलेबी चालते."

"कोनत्या?"

बाबूसिंगने समोर पाहिलं. धनसिंग, सात बाया आणि अंजू. त्याने घसा खाकरला.

"मिरगीच हाये," तो म्हणाला आणि चाबी देऊन टाकली.

संध्याकाळी गादी झटकताना अंजूला खालून डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. तीत बिमारीचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं: शीघ्रपतन. तिने वर पाहिलं. दारात बाबूसिंग उभा होता.

"भाकर झाली का?"

"झाली, बापू."

रात्री तिने मोबाइलवर पुढचंही वाचलं: ही गोळी डोकेदुखीलाही देतात. उद्या तसं सांगून चाबी परत आणायची, असं तिने ठरवलं.

सकाळी बाबूसिंग उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तांडा म्हणाला, मिरगी.

तेराव्याला, पाहुणे गेल्यावर, अंजूने आईला हळूच खरं सांगितलं. चंपाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते कळेना.

"मले ठाव होतं. चिठ्ठी नाई वाचता येत, पण गोळीचा गुण तं समजते ना माय!"

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई?"

"लोकाईपुढं काय सांगू? त्यापरीस मिरगी बरी. त्याईले तुहाच धाक होता. म्हणे, अंजूले कळलं तं तिच्यापुढं तोंड कसं दाखवू?"

अंजू उठून फोटोपुढे गेली.

"बापू," ती मोठ्याने म्हणाली, "मले त्याच दिवशी कळलं होतं. चूक माही होती. अन् तुमची लाज मले एवढीशीबी नाई वाटली."